आधी मूळची गाडी

एडिसन, न्यू जर्सी

चि. सानिका,



तुझ्या गाडीचे फोटो मिळाले आणि त्याखालची यादीही वाचली. १९९० सालची लाल माझ्दा मियाटा, आणि यादीत टर्बो, खाली बसवायचं सस्पेन्शन, मोठी चाकं, छोटं स्टिअरिंग, रेसिंगचे पट्टे. ताईने मला फोन करून सांगितलं, "तिला जरा समजाव, सुट्टीचा सगळा दिवस गॅरेजमध्ये तेलात हात घालून बसते." मी ताईलाच समजावलं. नोकरी लागलेली, भाड्याच्या घराला गॅरेज आहे, अंगात उत्साह आहे, मग हे काम आता नाही शिकायचं तर कधी? तेव्हा गाडीला हात लावू नकोस असं सांगायला मी बसलेलो नाही. जरूर लाव. पण तुझी यादी शेवटाकडून सुरू झाली आहे, आणि ती उलटी करून घ्यावी एवढ्यासाठी हे पत्र.

माझं म्हणणं असं आहे: पहिलं वर्षभर या गाडीत एकही बदल करू नकोस. आधी तिला कारखान्यातून निघाली होती तशी करून घे. झिजलेलं बदल, गळणारं बंद कर, कोणीतरी जोडलेलं उपटून टाक, ढिलं ते योग्य तेवढं घट्ट कर. त्यानंतर तिला चालव. आणि मग तुझी यादी पुन्हा लिहायला बस.

हे मी जुन्या माणसाच्या सावधपणापोटी सांगत नाही. तू जी गाडी घेतली आहेस ती तिच्या ताकदीमुळे नावाजलेली नाहीच. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार पत्रकाराने १९७९च्या सुमारास माझ्दाच्या केनिची यामामोतोंपुढे ही कल्पना मांडली होती, की ब्रिटिश लोक करायचे तशी छोटी, हलकी, उघड्या टपाची गाडी आता कोणी करत नाही, ती तुम्ही करा. पुढे तोशिहिको हिराई या इंजिनिअरच्या हाती ते काम आलं आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. इंजिन १,५९७ सीसीचं, ११६ अश्वशक्तीचं. आजच्या साध्या कौटुंबिक गाड्याही याहून ताकदवान असतात. पण वजन एक हजार किलोच्या आत, इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, आणि गिअरबॉक्सपासून डिफरेन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट, जिच्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर मागची चाकं उत्तर देतात. या सगळ्याचा मेळ बसवण्यात त्या माणसांनी वर्षं घालवली. २०१६च्या एप्रिलमध्ये या गाडीच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा गाठला, आणि तो गाठला तो या मेळामुळे.

आता तुझ्या हाती आलेल्या गाडीत तो मेळ उरला आहे का, हे तुला माहीत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ ती किती जणांच्या हातून गेली असेल. डँपर मेलेले असतील, रबरी बुश फाटलेले असतील, टायर वेगवेगळ्या जातींचे असतील. अशा गाडीवर तू खाली बसणाऱ्या कडक स्प्रिंग घातल्यास आणि ती वळणावर विचित्र वागू लागली, तर दोष स्प्रिंगचा, की बुशचा, की टायरचा? कोण सांगणार? पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला असताना आम्हाला वरिष्ठांनी पहिला नियम हाच घालून दिला होता, की बिघडलेल्या मशीनवर सुधारणा करायची नाही. आधी ते ड्रॉइंगप्रमाणे करा, चालवून बघा, मग काय सुधारायचं ते बोला.

सुरुवात गाडीखाली जाण्यापासून करू, कारण इथे चुकलीस तर पुढचं काहीच नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली धरून ठेवण्यासाठी नसतो. आतली एक रबरी सील गेली की हायड्रॉलिक जॅक आवाजही न करता खाली बसतो. म्हणून गाडी नेहमी स्टँडवर, स्टँड काँक्रीटवर, आणि अंग खाली घालण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी चांगला हिसका देऊन बघायचं. पडायची असेल तर तू बाहेर असताना पडू दे. पुढून उचलताना जॅक मधल्या क्रॉसमेंबरखाली, मागून उचलताना डिफरेन्शिअलच्या घराखाली लाव. स्टँड दाराखालच्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेला जिथे खाचा दिल्या आहेत तिथे. मघाशी सांगितलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीखाली जॅक कधीही लावायचा नाही, आणि तळाला लांबीने गेलेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांखालीही नाही, त्या दबतात. सुटलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायची सवय लाव; स्टँडने दगा दिला तर गाडी चाकावर बसेल. २०२० साली या देशात लाखो स्टँड विकणाऱ्यांना परत मागवावे लागले होते, म्हणजे नवं कोरं सामान आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा असं नाही. आणि तू खाली असताना घरात कोणीतरी असलंच पाहिजे. एकटी असशील त्या दिवशी वरवरची कामं कर.

गॅरेजचं दार बंद करून इंजिन चालू ठेवायचं नाही, हेही लिहून ठेवतो. तुझ्या तिकडे ओहायोच्या जानेवारीत दार उघडं ठेवणं जिवावर येईल, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुढचं काम ब्रेकचं. चारही चाकांना डिस्क आहेत, घरी करता येण्यासारखं काम आहे, आणि कुठल्याही कामाने गाडीत इतका फरक पडणार नाही. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि आतले पिस्टनही गंजतात. दर दोन वर्षांनी ते बदलावं. तुझ्या गाडीत ते कधी बदललंय कोणास ठाऊक, म्हणून लगेच बदल. डॉट ३ किंवा डॉट ४ वापर. डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर थेंब पडला तर ताबडतोब पाण्याने धू, नाहीतर रंग उचलला जातो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतात त्या काढून साफ कर आणि ब्रेकसाठीचं ग्रीस लाव. सुकलेल्या पिनांमुळे एकच पॅड झिजतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

मागच्या कॅलिपरपाशी पुष्कळ जण अडतात. नवे पॅड बसवायचे तर पिस्टन मागे जायला हवा, आणि तो क्लॅम्पने कितीही दाबलास तरी जात नाही. कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनमध्ये बसवलेली आहे. कॅलिपरच्या मागच्या अंगाला एक झाकणाचा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिलीमीटरची ॲलन की बसते. ती घड्याळाच्या उलट फिरवली की पिस्टन शांतपणे मागे येतो. पॅड बसवून झाल्यावर तीच की उलट फिरवून पॅड डिस्कला टेकवायचे आणि साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. हे ठाऊक नसलेले लोक जोर लावून आतली यंत्रणा मोडतात आणि मग गाडीला हँडब्रेकच नाही म्हणून रडतात. जिथे जोर लागतोय तिथे थांबायचं आणि गाडीचं वर्कशॉपचं पुस्तक उघडायचं; या गाडीत जवळपास प्रत्येक अडलेल्या गोष्टीला ती अडण्याचं कारण असतं.

ब्रेकचं काम झालं की गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाब. मग गल्लीत चालण्याच्या वेगाने थांबवून बघ. हे काम पहिल्यांदा करशील तेव्हा कोणातरी जाणत्याकडून तपासून घे, त्यात कमीपणा मानू नकोस.

हत्यारांबद्दल थोडंच सांगतो. मोठा संच घेऊ नकोस. १०, १२, १४, १७ आणि २१ मिलीमीटर, एवढ्यात या गाडीचं बहुतेक सगळं उघडतं. स्वस्तात भागवायचं तर जॅकमध्ये आणि टॉर्क रेंचमध्ये भागवू नकोस. चाकांचे नट ९० ते ११८ न्यूटन मीटर, तेल काढायचा बोल्ट ३० ते ४१, स्पार्क प्लग १५ ते २३. प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतात. हाताने आटे धरू दे, थंड इंजिनावर बसव, आणि पाना शेवटी लाव. आटे गेले तर एका प्लगपायी हेड उतरवावं लागेल. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. या गाडीतले फुलीचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. इथला नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर सटकतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी जेआयएस मापाचे दोन स्क्रूड्रायव्हर आधीच मागवून ठेव.

तू लिहिलं आहेस की इंजिनाच्या मागून तेल गळतंय, आणि एका वर्कशॉपने क्रँकचं मागचं सील गेलं आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगून मोठा आकडा दिला. इथे जरा थांब. त्यांचं निदान बरोबरही असेल. पण या इंजिनात हेडच्या अगदी मागच्या टोकाला कॅमचा कोन मोजणारा सेन्सर बसवलेला आहे, आणि त्याच्याभोवती एक रबरी रिंग आहे. उष्णतेने ती वर्षानुवर्षांत प्लॅस्टिकसारखी कडक होते आणि तिथून तेल पाझरतं. ते तेल हेडच्या मागून ओघळत गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या घरावर, म्हणजे बेलहाउसिंगवर, उतरतं आणि नेमकं तिथून ठिबकतं, जिथून मागच्या सीलचं तेल ठिबकलं असतं. खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आधी मागचा सगळा भाग डीग्रीजरने स्वच्छ धू, पूर्ण सुकू दे, त्यावर टाल्कम पावडर भुरभुर, थोडी गाडी चालव, आणि मग टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत ये. तेल नेहमी खाली आणि मागे जातं. तुला सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा आहे. तो सेन्सरपाशी सापडला तर काम एका रबरी रिंगचं आहे. जागा अडचणीची आहे, हात खरचटेल, पण गिअरबॉक्स उतरवायचा नाही. फक्त सेन्सर काढण्याआधी त्याची आणि हेडची एकमेकांशी असलेली जागा टोकदार सुईने खुणेची रेघ ओढून नोंदव. तो सेन्सर फिरवला की इग्निशनचं टायमिंग फिरतं.

मी यावर इतकं लिहितोय, कारण घरी गाडी दुरुस्त करण्याचं खरं मोल इथे आहे. पैसे वाचतात ते वाचोत. वर्कशॉपमधला माणूस तासाच्या हिशेबात असतो. एक डाग कुठून येतो हे बघायला संध्याकाळ घालवणं त्याला परवडत नाही, तुला परवडतं. तू त्या गाडीला कोणाहीपेक्षा जास्त वेळ देऊ शकतेस, आणि निदानाला लागतो तो वेळच.

क्लचचं पेडल एक दिवस जमिनीला टेकेल आणि वर येणार नाही. घाबरू नकोस. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला स्लेव्ह सिलिंडर आहे, त्याची रबरं जातात. दोन बोल्ट आणि एक नळी, इतकंच काम. मात्र गिअरबॉक्सचं तेल बदलताना डबा वाचून घे. जीएल-४ म्हणजे गिअरबॉक्ससाठी, जीएल-५ म्हणजे मागच्या डिफरेन्शिअलसाठी. जीएल-५मधली गंधकाची द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोला बाधू शकतात. डबे सारखेच दिसतात, आणि दोन्हींवर ७५डब्ल्यू-९० असंच लिहिलेलं असतं. तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतोय ना हे बघितल्याशिवाय खालचा उघडू नकोस, नाहीतर तेल काढून बसशील आणि भरता येणार नाही.

काढलेलं तेल ड्रममध्ये साठवून जवळच्या पार्टच्या दुकानात दे, ते बहुधा फुकट घेतात. एका वेळचं काढलेलं इंजिन ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. कूलंटचा तर जमिनीवर सांडलेला थेंबही राहू देऊ नकोस. चवीला गोडसर असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आता गंज. याची मला इंजिनाहून जास्त काळजी वाटते, कारण तू ओहायोत आहेस आणि तिथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं. पण या गाडीला मिठाशिवायही आतून गंज लागतो. कापडी टपावर पडलेलं पावसाचं पाणी सीटच्या मागच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. त्या नळ्या पानांनी, धुळीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं. बाहेरून रंग चकचकीत, आणि आत पत्रा कुजतोय. मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दाराखालच्या भागावर बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज बदलला, किंवा रंगाखाली फोड दिसला, तर तिथे आत नक्की काहीतरी आहे. नळ्या मऊ, लवचिक दांडीने साफ कर. टोकदार तार घालून नळीच फाडू नकोस. वरून भांडंभर पाणी ओत आणि ते खालून येतंय का बघ. हे वर्षातून दोनदा तरी व्हायला हवं. सीटमागचा गालिचा ओला लागला तर नळी तुंबलीच आहे असं समज.

पत्रा कुजलेला निघाला, तर ते वेल्डिंग तू करायचं नाहीस. उघड्या टपाच्या गाडीत डोक्यावर छत नसतं, सगळा भार या दाराखालच्या पेटीवर असतो. हे ठिगळ लावायचं ठिकाण नाही. अनुभवी पत्रा-वेल्डरकडे दे. आणि पुढे कधी तू स्वतः वेल्डिंग शिकलीस तर हे पक्कं लक्षात ठेव, की क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्डिंग करू नये. त्यातून फॉस्जीन निघू शकतो, आणि तो विषारी वायू आहे.

सस्पेन्शनचे बुश बदलताना एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. रबरी बुश हा आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो, तो फिरत नाही, पिळवटतो. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळलास तर गाडी जमिनीवर आल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते धरवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, आणि मग आवळायचे. मध्यापासून सरकलेल्या (एक्सेंट्रिक) चकतीचे जे बोल्ट चाकाचा कोन ठरवतात, त्यांच्या जागेची आधी खूण कर. काम झालं की अलाइनमेंट करून घ्यावीच लागेल; ती घरी दोऱ्या लावून जमते, पण सुरुवातीला पैसे मोज.

हे सगळं होता होता वर्ष सरेल. मग तुझ्या यादीकडे येऊ.

टर्बोबद्दल मला काय वाटतं ते स्पष्ट लिहितो. ११६ घोड्यांच्या इंजिनाला टर्बो लावला म्हणजे फक्त एक टर्बो लावला असं होत नाही. तुझ्या इंजिनात येणारी हवा मोजणारं यंत्र झडपेचं आहे आणि इंजेक्टर छोटे आहेत. वाढलेल्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळालं नाही तर पिस्टन वितळतात. म्हणजे इंजेक्टर आणि कॉम्प्युटर आला. हे इंजिन मुळात आडव्या बसणाऱ्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीसाठीचं. मियाटात ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरकडे थंड पाणी कमी फिरतं. साध्या वापरात याने काही बिघडत नाही, पण टर्बोच्या उष्णतेत बिघडतं, म्हणून कूलंटचा मार्ग बदलावा लागतो. क्लच घसरू लागतो. १९९३पर्यंतच्या गाड्यांचं डिफरेन्शिअल सहा इंची आहे, ते जादा जोराने फुटतं. १९९४पासून माझ्दाने स्वतःच १.८ लिटरच्या इंजिनासोबत सात इंची दिलं. आणि इतकं झाल्यावर थांबायला तुझ्याजवळ २३५ मिलीमीटरच्याच पुढच्या डिस्क. हे सगळे खर्च क्रमाने आणि समजून केले तर सुंदर गाडी होते, मी अशा पाहिल्या आहेत. पण ज्याने एकदा तरी ही गाडी मूळ अवस्थेत आणली नाही, त्याच्या हातून ती अर्धवट सुटी होऊन ताडपत्रीखाली जाते. तशाही मी पाहिल्या आहेत, त्या पुष्कळच जास्त.

बदल करायचेच तर माझा क्रम असा असेल. सगळ्यात आधी चांगले टायर, मूळ १८५/६०-१४ मापाचेच. मग ब्रेक पॅड. वाटलं तर १९९४ नंतरच्या गाडीच्या मोठ्या डिस्क आणि त्यांचे ब्रॅकेट, ते तुझ्या गाडीला बसतात. मग चांगले डँपर, आणि उंची थोडीच कमी कर, कारण पुढच्या चाकांना वर जायला जागाच कमी आहे. जास्त खाली बसवलीस तर ती प्रत्येक खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आपटेल. इंजिनातला पहिला बदल तर फुकटचा आहे. निदानाच्या डब्यातल्या टीईएन आणि जीएनडी या दोन जागा तारेने जोडून टायमिंग लाइटने बघितलं तर इग्निशन १० अंशांवर असायला हवं. ते अनेक जण १४वर नेतात आणि प्रीमियम पेट्रोल वापरतात. त्याने इंजिन खालच्या वेगात मोकळं होतं. हेडच्या मागचा तोच सेन्सर थोडा फिरवायचा, बस. इंजिनातून नॉकिंगचा खडखडाट ऐकू आला तर टायमिंग मागे घे.

पण एका वेळी एकच बदल. त्यानंतर काही दिवस रोजच्या रस्त्याने चालव, मगच दुसरा. तुझ्या जवळपास हौशी लोकांच्या ऑटोक्रॉस स्पर्धा होत असतील, मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू लावून घेतात त्या. हेल्मेट घेऊन मूळ अवस्थेतल्या गाडीने तिथे जा. तिथल्या अनुभवी माणसाला शेजारी बसव. गाडीत काय कमी आहे आणि चालवणारीत काय, ते तुला तिथे कळेल, आणि यादी आपोआप छोटी होईल.

रेसिंगचे पट्टे आणि छोटं स्टिअरिंग यादीतून काढून टाक, हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. तुझ्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. स्टिअरिंग बदललं की ती गेलीच. चार-पाच ठिकाणी बांधणारे पट्टे माणसाला सीटवर ताठ बसवून ठेवतात. गाडी उलटली आणि मागे रोल बार नसेल तर ताठ बसलेल्या माणसाच्या डोक्यावर गाडीचा भार येतो. आधी रोल बार, तोही नीट बसवलेला आणि डोक्यापासून दूर, जाड पॅडिंगचा. रोजच्या चालवण्याला कारखान्याचा पट्टाच बरा.

एक्झॉस्ट बदलशील तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नकोस. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा काढणं या देशाच्या क्लीन एअर ॲक्टच्या विरुद्ध आहे, तुझ्या भागात तपासणी होवो वा न होवो. आपल्याकडे भारतात तर कायदा याहून कडक आहे. पुण्याच्या निनादला तू फोटो पाठवलेस आणि तोही त्याच्या जीपवर काहीबाही करायला निघाला आहे म्हणे. त्याला सांग, मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत ते पुन्हा ठामपणे सांगितलं आहे.

एक वही ठेव. तारीख, किती मैल झाले, काय केलं, कुठला भाग कुठून घेतला, किती टॉर्कवर आवळला. काढलेले बोल्ट काढलेल्या क्रमाने पुठ्ठ्यावर टोच. रॉड ग्रेंजर आणि पीट शूमार्क यांचं या गाडीवरचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर घे. घरी काम करणाऱ्यासाठीच लिहिलेलं आहे. माझ्दानेही २०१७ साली जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची सेवा जाहीर केली, आणि त्यासाठी कापडी टपापासून टायरपर्यंतचे जुने भाग पुन्हा बनवायला घेतले. गाडी मूळपदावर आणू पाहणाऱ्यांना आजही भाग मिळतात, हे आपलं भाग्य.

राहिला टायमिंग बेल्ट. ६०,००० मैलांनी तो बदलायचा असतो आणि तुझ्याकडे कुठलीच नोंद नाही, म्हणजे बदलायचाच आहे असं धर. समाधानाची गोष्ट अशी, की या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडेल, इंजिन फुटणार नाही. वॉटर पंप या बेल्टवर फिरत नाही, तो बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर फिरतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला हेच सगळं उघडावं लागतं, तेव्हा पंप, टेन्शनर, आयडलर आणि पुढची तेलाची सीलं एकाच वेळी बदल. बेल्ट बसवताना दोन्ही कॅम पुलींवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बरोबर १९ दाते येतात ते मोज, हाताने इंजिन दोन फेरे फिरव आणि पुन्हा मोज.

मात्र हे काम काढण्याआधी मला एक गोष्ट बघून सांग. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. त्यावरची पुली एका छोट्या चावीने बसते, आणि मधला मोठा बोल्ट पूर्वी कोणी नीट आवळला नसेल तर ती चावी हलत हलत क्रँकमधली खाच रुंद करते. मग पुली डगमगते, टायमिंग मागे पडतं, गाडी मंद होते, आणि शेवटी क्रँक निकामी होतो. बेल्ट बदलताना केलेली हयगय याचं नेहमीचं कारण आहे. या आखूड टोकाच्या इंजिनाचा बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन मीटरवर आवळतात, पुढच्या लांब टोकाच्या इंजिनाचा १५७ ते १६७वर, त्यामुळे तुझ्या गाडीत मूळचं इंजिन आहे की कोणी बदललेलं, ते आधी कळायलाच हवं. पुढून खाली टॉर्च मार आणि क्रँकच्या पुलीच्या मध्यभागी, बोल्टच्या भोवती खाचा दिसतात त्या मोज. आखूड टोकाला चार असतात, लांबाला आठ. इंजिन चालू करून पुली डगमगते का तेही बघ, हात आणि केस दूर ठेवून.

आठ निघाल्या तर पुस्तक समोर ठेवून तू एकटीने बेल्ट बदलशील, मला खात्री आहे. चार निघाल्या तर त्या बोल्टला पाना लावू नकोस. मी टॉर्क रेंच घेऊन येतो, आपण दोघं मिळून उघडू.

तुझा,
मामा